बोलेरोच्या पोटातला गंज आणि मिरजोळ्याचे मिस्त्री: दोन पावसाळ्यांनंतरचा अनुभव

घाईत असाल तर एवढंच वाचा: गाडीच्या खालचा गंज काढायचं मिस्त्रींचं काम पक्कं, वेळेचा भरवसा नाही, बिल मागून घ्यावं लागतं. पुढचं सगळं अशांसाठी, ज्यांची गाडी दहा-पंधरा वर्षांची झालीय आणि खाऱ्या वाऱ्यावर उभी असते.

आमची बोलेरो २००८ची, एमएच-०८, म्हणजे रत्नागिरीची. बाबांनी घेतलेली, त्यामुळे विकायचा विषय घरात निघत नाही. पावसजवळ आमची बाग आहे. गाडीने आंब्याच्या पेट्या वाहिल्या, शेणखत वाहिलं, आणि मधली चार वर्षं धाकट्या भावाने मिरकरवाडा बंदरावरून मासळी वाहिली. खोक्यांतलं बर्फाचं खारं पाणी मागच्या फ्लोअरवर गळायचं. त्यावर बादलीभर पाणी ओतलं की आमच्या लेखी गाडी धुतली. ते पाणी मॅटखाली जाऊन बसतं हे तेव्हा कोणाच्या डोक्यात आलं नाही.

२०१६ साली एका सर्व्हिस सेंटरात ४,००० रुपये देऊन खालून ‘अँटीरस्ट’ मारून घेतलं होतं. सकाळी गाडी दिली, संध्याकाळी परत. खालून काळी कुळकुळीत, हातात पाच वर्षांच्या वॉरंटीचा कागद. आधीपासून असलेला गंज वॉरंटीत धरत नाहीत, ही ओळ त्या कागदावर तळाला बारीक अक्षरांत होती. २०२३ला पंधरा वर्षं झाली म्हणून पुन्हा पासिंग केलं, ग्रीन टॅक्स भरला. तेव्हाही गाडी खालून काळीच दिसत होती, त्यामुळे आम्ही निवांत. त्याच जुलैत गाडी चालवताना माझा डावा पाय ओला झाला. मॅट उचलली तर क्लचखाली रुपयाएवढं भोक, आणि त्यातून रस्ता दिसत होता.

तीन ठिकाणी विचारलं. दोघांनी ‘पत्रा ठोकून वर काळा मारून देतो, उद्या न्या’ असं सांगितलं. तिसरे हे मिरजोळे एमआयडीसीतले मिस्त्री. नाव लिहीत नाही, कारण त्यांनीच हात जोडले. एकटा माणूस, मदतीला एक पोरगा. आणखी गाड्या आल्या तर ठेवायच्या कुठे? एमआयडीसीत ‘खालून मेण मारणारे’ एवढं विचारलंत तरी कोणीही दाखवेल.

त्यांनी गाडी लिफ्टवर घेतली आणि छोट्या हातोडीने टकटक करत फिरले. चांगला पत्रा खणकन वाजतो, सडलेला भद्द. मग पटाशीने ते जुनं काळं कोटिंग उचकटलं. खालून गंजाचे पापुद्रे पडले, पापडाच्या चुऱ्यासारखे. मला म्हणाले, “बघा ताई, गंजाला गोधडी पांघरलीत तुम्ही. आत ऊब, आत ओल. तो कशाला थांबतोय?” ओल्या, गंजलेल्या पत्र्यावर रबरी कोट मारला की तो कुठेतरी सुटतो, पाणी आत शिरतं आणि बाहेर यायला वाट राहत नाही. वरून मात्र सगळं झकास दिसतं. मीठ तर आणखी वाईट. पावसाळ्यात घरातल्या मिठाच्या बरणीला पाणी सुटतं ना, तसंच फटीत बसलेलं मीठ हवेतली ओल ओढून घेतं, आणि खाऱ्या पाण्यात लोखंड झपाट्याने गंजतं. म्हणजे पाऊस नसतानाही गंजाचं काम चालूच.

जुलैत त्यांनी काम घेतलं नाही. हवाच ओली असते, पत्रा कसला सुकतोय, म्हणाले. भोकावर तात्पुरता पत्रा चिकटवून जानेवारीत बोलावलं. आंब्याच्या हंगामाआधी गाडी मोकळी असते, तेव्हा आम्हालाही ते जमलं.

२०२४च्या जानेवारीत गाडी दिली. पहिले दोन दिवस नुसतं धुणं आणि सुकवणं, गोड्या पाण्याने, प्रेशरने, चासीच्या चॅनेलच्या, म्हणजे पोकळ दांड्यांच्या, आतसुद्धा. नंतर सीटा, मॅट, खालचा फेल्ट सगळं बाहेर. ड्रायव्हरच्या पायाखालचा आणि मागच्या डाव्या चाकावरचा पत्रा कापून काढला. वर ठिगळ नाही. सडलेला भाग कापून अठरा गेजचा नवा तुकडा सीओटू वेल्डिंगने जोडला. वेल्डिंगआधी बॅटरीची वायर काढली होती, हे मी मुद्दाम बघितलं. चासीवर गंज होता तो वरवरचा. “चासी खाल्ली असती तर गाडी हातात घेतली नसती,” हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

वायर ब्रशने सुटा गंज काढल्यावर जो घट्ट चिकटून राहतो, त्यावर ते कन्व्हर्टर, म्हणजे गंज जागीच थोपवणारं रसायन, लावतात. फॉस्फरिक आम्लाचं पातळ द्रावण असतं. लालसर पत्रा हळूहळू काळानिळा पडत गेला, ते बघत मी अर्धा तास उभी होते. हे दुसऱ्या दिवसापर्यंत तसंच ठेवायचं. त्यावर झिंकचा प्रायमर दोन हात, जोडांवर सीलर, आणि जाड रबरी कोट फक्त चाकांच्या कमानींत आणि फ्लोअरला, जिथे खडी उडते तिथेच. सायलेन्सर, ब्रेक, रबरी बुश हे सगळं कागद आणि टेप लावून झाकलं. चासीच्या पोकळीत आणि दारांखालच्या उंबऱ्यांत मात्र मेण. बारीक नळी भोकातून आत सारतात, तिच्या टोकातून चारी बाजूंना फवारा उडतो. मधाच्या रंगाचं मेण दोन दिवस खालच्या भोकांतून ठिबकत होतं.

पूर्वी वॉशिंगवाले खालून जळकं ऑइल मारायचे, बाबाही मारून घ्यायचे. त्याबद्दल विचारलं. गंजाला थोडं अडवतं, पण रबर फुगतं, धूळ चिकटते, आणि पहिल्या पावसात अर्धं ऑइल वाहून तुमच्याच विहिरीकडे जातं, असं त्यांचं म्हणणं. मला पटलं.

खर्च २१,००० रुपये. त्यात पत्रा आणि वेल्डिंगचे ८,५००, कन्व्हर्टर, प्रायमर आणि कोटचे ९,०००, मेणाचे ३,५००. सोळा वर्षांच्या गाडीवर एवढे कशाला, असं भाऊ म्हणालाच. मासळी कोणी वाहिली होती ते मी त्याला आठवण करून दिलं.

आता तक्रारी. सहा दिवस सांगून अकरा लागले. मॅटच्या चार क्लिपा हरवल्या. हँडब्रेकच्या केबलवर कोट उडाला होता, ती अडकायला लागली म्हणून पुन्हा जावं लागलं. साफ करून दिली, पैसे घेतले नाहीत. गाडीत महिनाभर मेणाचा वास होता, आईला मळमळायचं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे डाव्या उंबऱ्याचं पाणी जायचं भोक कोटिंगने बुजलं. जूनमध्ये वळणावर आतून डुचमळल्याचा आवाज यायला लागला तेव्हा कळलं. मी माडाचा हीर घालून ते मोकळं केलं, तर तांब्याभर पाणी निघालं. आतला पत्रा मेणामुळे वाचला, पण हे मिस्त्रींच्या नजरेतून सुटायला नको होतं. काम कोणाकडूनही करून घ्या, गाडी ताब्यात घेताना ही भोकं स्वतः तपासा.

दोन पावसाळे झाले. गेल्या महिन्यात पुन्हा लिफ्टवर चढवली. मागच्या कमानीत दगड लागून कोट दोन जागी उडालाय, खाली प्रायमर शाबूत आहे. ३०० रुपयांत ब्रश मारून झालं. चॅनेलमध्ये बोट घातलं तर मेण अजून चिकट लागतं. जोड कुठे फुगलेले नाहीत. घरी आम्ही एवढंच करतो: पावसाळ्यात पंधरवड्याला विहिरीच्या पाण्याने खालून धुणं, आणि ओली गाडी ताडपत्रीखाली न झाकता उघड्या पडवीत उभी करणं.

मेणाचा दुसरा हात या जानेवारीत द्यायचा आहे. नंबर आत्ताच लावून ठेवलाय, आणि हँडब्रेकची केबल झाकायची हेही बजावलंय. “वहीत लिवलंय ताई,” म्हणाले. वही मात्र मला कधी दिसलेली नाही.