कोपरखैरण्यातल्या काकूंचा डबा : सात महिने रोज खाऊन लिहितेय

आधी कामाचं सांगून टाकते. डबा ११० रुपये, सोमवार ते शनिवार, दुपारचाच. दोन चपात्या किंवा एक भाकरी, सुकी भाजी, उसळ नाहीतर आमटी, भाताची छोटी मूद आणि कोशिंबीर. नवी मुंबईत कोपरखैरणे, घणसोली आणि वाशीचा थोडा भाग एवढ्यातच देतात, सव्वाबाराच्या सुमारास दारात येतो. डबा स्टीलचा, तीन कप्प्यांचा, कापडी पिशवीत. ३०० रुपये डिपॉझिट, सोडताना परत मिळतं. चव एक नंबर. ज्यांना फक्त लावू की नको एवढंच विचारायचंय त्यांनी खुशाल लावा.

आता बाकीचं, कारण मला या डब्याबद्दल मनापासून लिहायचंय. मी मानसशास्त्र शिकवते, माणसं आरोग्याच्या सवयी कशा लावतात, का मोडतात हा माझा आवडीचा भाग, आणि जे मी वर्गात फळ्यावर लिहिते ते या काकूंनी कुठलंही पुस्तक न उघडता त्यांच्या किचनमध्ये करून ठेवलंय.

बाबा ७१ वर्षांचे, नऊ वर्षांपासून शुगर. आधी आम्ही एका कंपनीचा डाएट डबा लावला होता, २४० रुपये, झाकणावर कॅलरीचं स्टिकर, खाली लिहिलेलं लो ऑइल, लो कार्ब, शुगर कंट्रोल. जेवण वाईट नव्हतं हो, पण बाबा झाकण उघडायचे आणि म्हणायचे, "आलं पेशंटचं जेवण". अर्धं ठेवून द्यायचे आणि चार वाजता खाली जाऊन फरसाण घेऊन यायचे, आम्हाला कळू नये म्हणून पुडी उशीमागे. बाराव्या दिवशी बंद केलं. त्यांना ओरडून काही उपयोग नव्हता, सुनावलं की माणूस अजून लपवून खातो हे मला माहीत असूनही मी दोनदा ओरडले होते.

काकूंचा मेसेज रोज रात्री आठला येतो. पहिल्या आठवड्यातला एक मी ठेवलाय, तो जसाच्या तसा देते. "उद्या लसूण-खोबऱ्यावर परतलेला कोवळा दोडका, वरून शेंगदाण्याचं जाडसर कूट. गरम नाचणीची भाकरी. मुगाची आमटी, आमसूल घालून." बस एवढंच. शुगर नाही, वजन नाही, तब्येत नाही. आणि ज्या माणसाने आयुष्यभर दोडका ताटाच्या कडेला सारला तो दुसऱ्या दिवशी बारा वाजल्यापासून दाराकडे बघत बसलेला.

अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या कँटीनमध्ये २०१६ साली नेमकं हेच करून बघितलं होतं. भाजी तीच, कृती तीच, फक्त पाटीवरचं नाव बदलायचं. एक दिवस साधं नाव, एक दिवस तब्येतीचं नाव, एक दिवस तोंडाला पाणी सुटेल असं नाव. चटकदार नावाच्या दिवशी साध्या नावापेक्षा २५ टक्के जास्त लोकांनी भाजी घेतली, आणि "यात अमुक नाही, तमुक कमी" अशी पाटी होती त्या दिवसापेक्षा ४१ टक्के जास्त. मग पाच ठिकाणी पुन्हा करून पाहिलं, त्याचे निकाल २०१९ मध्ये आले, त्यात अजून एक महत्त्वाची गोष्ट निघाली, की जिथली भाजी मुळात चवीला चांगली होती तिथे नावाचा जोर जास्त चालला. म्हणजे नुसतं नाव सजवून भागत नाही, कढईत पण काहीतरी असावं लागतं. मी काकूंना एकदा विचारलं की तुम्ही मेसेजमध्ये हेल्दी वगैरे का नाही लिहीत, सगळे लिहितात. त्या म्हणाल्या, "ताई, जेवणाला औषधाचं नाव दिलं की ते घशाखाली उतरत नाही." काकू मूळच्या साताऱ्याकडच्या, मिस्टर एपीएमसीत, म्हणजे वाशीच्या घाऊक बाजारात, माथाडी होते, भाजी पहाटे मार्केटमधूनच येते त्यामुळे दोडका कोवळा असतो म्हणजे असतोच.

मापाचं पण सांगते. डब्यात चपात्या दोनच. तिसरी फुकट आहे पण ती सांगावी लागते, आदल्या रात्री मेसेज करायचा. आता ज्याला हवी तो सांगेलच ना, अडवलं कोणी नाही, पण समोर दोन आल्या की बहुतेक वेळा दोनावर भागतं. आधी घरी चपात्यांचा डबाच टेबलावर असायचा आणि बाबा बोलता बोलता चार खायचे. यावर भरपूर काम झालंय, २०१५ मध्ये ७२ अभ्यास एकत्र तपासून बघितले होते आणि मोठं माप, मोठं पाकीट, मोठं भांडं समोर आलं की माणूस जास्त खातो हे त्यात दिसलं. इथे एक गोष्ट मुद्दाम लिहिते कारण फॅमिली ग्रुपवर अजून तेच मेसेज फिरतात. लहान ताट घ्या, अमुक रंगाची वाटी घ्या, आपोआप वजन उतरेल टाइपचे बरेच किस्से कॉर्नेल विद्यापीठातल्या ब्रायन वॉनसिंक यांच्या कामावरून आलेत, आणि २०१८ मध्ये विद्यापीठानेच चौकशी करून त्यांच्या संशोधनात गैरप्रकार झाल्याचं सांगितलं, कितीतरी पेपर मागे घेतले गेले. मी स्वतः ते किस्से वर्गात सांगितले होते आणि पुढच्या बॅचला ते खोडून सांगितले. त्यामुळे ताट बदलण्याच्या नादी लागू नका, ताटात येणारं माप बघा.

प्लास्टिकचं बघा. आमच्या सोसायटीत कोणालाही विचारा, प्लास्टिक वाईटच म्हणणार. एकदाच वापरून फेकायच्या बऱ्याच प्लास्टिक वस्तूंवर राज्यात बंदी २०१८ पासून आहे. आणि तरी संध्याकाळी कचऱ्याच्या डब्यात हॉटेलच्या काळ्या डब्यांची चळत असते, कारण मनात काय आहे आणि हाताने काय होतं यात खूप अंतर असतं, ते अंतर भाषणाने कमी होत नाही. काकूंकडे स्टील हेच ठरलेलं, कोणाला फेकायचा डबाच हवा असेल तर १५ रुपये जास्त. पूर्वी उलटं होतं म्हणे, साधा डबा १२५ ला आणि स्टील घेतलं तर १५ रुपये कमी, तेव्हा फार कोणी स्टील घेत नव्हतं. हिशोब तोच, आकडे तेच, पण सूट सोडून देणं सोपं जातं, खिशातून जास्तीचे द्यायचे म्हटलं की जिवावर येतं. वेल्समधल्या कार्डिफ विद्यापीठाच्या लोकांनी कॉफीच्या कपांवर हेच तपासलं होतं, स्वतःचा कप आणला तर सूट दिली तेव्हा काही फरक पडला नाही, आणि कागदी कपाला वेगळे पैसे लावले तेव्हा थोडे जास्त लोक कप आणायला लागले. जर्मनीत तर वीज घेताना पवन-सौरसारख्या हरित विजेची निवड आधीच टिक करून ठेवली तर ती घेणारे जवळपास दहापट झाले. माणसं वाईट नसतात हो, दुपारी दमलेली असतात, जे समोर ठरवून ठेवलंय ते घेतात.

आता एक प्रसंग, जो मला सगळ्यात जास्त आवडला.

जूनमध्ये काकूंचे डबे हरवायला लागले, काही खरकटेच परत यायला लागले. पावसात वास किती येतो तुम्हाला माहितीये. काकू वैतागल्या आणि ग्रुपवर लिहिलं, "बरेच जण डबे धुवून देत नाहीत, कितीतरी जण परतच करत नाहीत. हे बरोबर नाही." मी वाचलं आणि लगेच फोन केला. म्हटलं काकू रागावू नका पण हा मेसेज उलटा पडेल. अमेरिकेत ॲरिझोनाला पेट्रिफाइड फॉरेस्ट म्हणून जागा आहे, तिथे झाडं दगड झालीत आणि पर्यटक त्याचे तुकडे खिशात घालून नेतात. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी आणि त्यांच्या टीमने तिथे खुणा केलेले तुकडे वाटेवर ठेवून आणि पाट्या लावून बघितलं. "आधीच्या खूप लोकांनी तुकडे नेले, त्यामुळे जंगल बिघडलं" अशी पाटी होती तिथे ठेवलेल्यांपैकी ७.९२ टक्के तुकडे गेले, आणि "कृपया तुकडे नेऊ नका" एवढंच सांगितलं तिथे १.६७ टक्के. कारण पहिली पाटी वाचून माणसाला कळतं की सगळेच नेतात, मग मीच का नको.

काकू थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "पण खोटं कसं लिहू, की सगळे धुतात?" खोटं लिहायचंच नव्हतं, म्हटलं आज मोजा. संध्याकाळी त्यांच्या पोराने मोजले, ७८ डब्यांपैकी ६४ स्वच्छ आलेले. म्हणजे धुणारेच जास्त होते, फक्त खरकटे चौदा नाकाला आधी कळायचे. दुसऱ्या दिवशी मेसेज आला, "काल ७८ पैकी ६४ घरांतून डबा धुवून आला. सगळ्यांचे आभार. उरलेल्यांनी पण नुसता पाण्याने विसळून दिला तरी चालेल." त्या आठवड्याच्या शेवटी खरकटे पाच-सहावर आले. एका खानावळीचा एक आठवडा म्हणजे काही अभ्यास नव्हे, पण काकूंचा आवाज फोनवर ऐकायला हवा होता.

तक्रारी पण आहेत. सोमवारी मीठ हमखास जास्त पडतं, दोनदा सांगितलंय. मे महिन्यात एकदा मटकीची उसळ आंबली होती, पैसे न मागता परत दिले पण उन्हाळ्यात उसळीऐवजी आमटीच दिली तर बरं. जोराचा पाऊस असला की घणसोलीकडे पाऊण तास उशीर होतो, शुगरच्या माणसाला ते चालत नाही, म्हणून बाबांसाठी मी भाजलेले चणे ठेवलेले असतात. मधल्या कप्प्याचं झाकण सैल आहे, आमटी पिशवीत उतरते. रविवारी बंद.

आणि ज्यांनी आठ-दहा दिवसांत "घरच्यांना सवय होत नाहीये" म्हणून बंद केलं त्यांना सांगायचंय, थोडं थांबा. २१ दिवसांत सवय लागते हे जे सगळीकडे ऐकू येतं ते धरून बसू नका. लंडनमध्ये ९६ जणांवर १२ आठवडे अभ्यास झाला होता, त्यात साधारण ६६ दिवस निघाले, पण कोणाला १८ लागले तर कोणाला २५४ लागतील असा हिशोब आला. आणि एखादा दिवस चुकला तर फार बिघडत नाही हेही त्यातच दिसलं. बाबांनी तिसरी चपाती मागायची बंद केली ती तिसऱ्या महिन्यात, मध्ये आंब्याचे दिवस आले, लग्नं आली, एकदा गावी जाऊन आले तेव्हा पुन्हा चारवर गेले होते. मी काही बोलले नाही. उशीमागची पुडी आता नसते, शुगरचे आकडे डॉक्टर बघतात, ते मी इथे लिहिणार नाही कारण गोळ्या पण चालू आहेत आणि श्रेय एकट्या डब्याला देणं चुकीचं होईल. जेवल्यावर डबा मात्र बाबाच धुतात, मधला कप्पा पुसून उन्हात पालथा घालतात आणि विचारतात, उद्याचा मेसेज आला का.

लावायचा असेल तर २५ तारखेच्या आत सांगा, महिन्याच्या मध्ये घेत नाहीत. भाकरी हवी असेल तर पहिल्याच दिवशी कळवा. दोडका मंगळवारी असतो.