पांढऱ्या बुटांपायी गेलेले १५,१६३ रुपये

पैसे घेताना पिन टाकावा लागत नाही, हे मला माहीत होतं. अस्तरवाल्याला, दूधवाल्याला, भिशीच्या बायकांना मी रोज यूपीआयने पैसे देते-घेते. बारा जणींची भिशी नऊ वर्षं माझ्याकडे आहे, एका रुपयाचा घोळ नाही. तरी शनिवारी संध्याकाळी सव्वापाच ते पावणेसहा या अर्ध्या तासात मी माझ्याच बोटांनी तीन वेळा पिन टाकला. लाज वाटते, पण लिहितेय. ज्यांच्या मुली यंदा नर्सिंगला आहेत त्यांनी शेवटपर्यंत वाचा.

आम्ही बडोद्याचे, दांडिया बाजारातले. मी घरी शिवणकाम करते. लेक बी.एस्सी. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे आणि तिची हॉस्पिटलमधली पहिली पोस्टिंग सोमवारी सुरू होणार होती. कॉलेजने लेखी दिलं होतं तेवढंच: बूट पांढरे, बोटं आणि टाच पूर्ण झाकणारे, सपाट, चालताना आवाज न करणारे. तेवढ्यावर थांबले असते तर हे पुढचं काही घडलं नसतं.

मंगळवारी पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक मेसेज आला. कॉलेजचं बोधचिन्ह, खाली बुटाचा फोटो, "हॉस्पिटल अप्रूव्ह्ड, एसआरसी अँटी-स्किड, सोमवारपासून याशिवाय वॉर्डमध्ये प्रवेश नाही, रोल नंबर आणि साइज पाठवा". एक जोड १,६४९ रुपये. रोल नंबर मागितला म्हणून मला ते कॉलेजचंच वाटलं. परका दुकानदार रोल नंबर कशाला मागेल? आता कळतं की नेमकं तसंच वाटावं म्हणून तो मागितला होता. ग्रुपवर सहा-सात जणींनी "ऑर्डर डन" लिहिलं. त्यातल्या किती खऱ्या आया होत्या, देव जाणे. रोज सात-आठ तास उभं राहायचं तर दोन जोड हवेत, आज घातलेला उद्या वाळायला हवा, हा विचार माझाच. दोन जोडांचे ३,२९८ आणि कुरिअरचे ९०. मिळून ३,३८८ रुपये आगाऊ पाठवले. माल आल्यावर पैसे देते म्हटलं तर "बल्क ऑर्डर आहे, त्यात सीओडी नाही" असं उत्तर.

मला घाई नव्हती, भीती होती. पहिल्याच दिवशी ट्यूटर मॅडमने पोरीला वॉर्डच्या दारातून परत पाठवलं तर? बारावीनंतर दोन वर्षं जिद्दीने थांबून तिने ही सीट मिळवली आहे. त्या माणसाने बूट विकलेच नाहीत, सोमवार विकला.

पार्सल शनिवारी दुपारी आलं. उघडल्या उघडल्या हाताला कळलं. पंचवीस वर्षं मी कापड, चामडं, रेक्झिन हाताळतेय. हे पातळ रेक्झिन होतं, आतून साधा फोम, आणि कडेची शिलाई म्हणजे नुसती दाबून उमटवलेली नक्षी, दोरा नाहीच. तळवा काचेसारखा गुळगुळीत. आतल्या पट्टीवर "एसआरसी" आणि "आयएसआय" असे दोन स्टिकर, नखाने निघाले. लेकीने घालून पाहिले आणि मोरीच्या ओल्या फरशीवर पाय ठेवला तर सरळ घसरली. नळ धरला म्हणून वाचली. वॉर्डात हातात ट्रे असताना हे झालं असतं तर?

एसआरसीची भानगड मला नंतर कळली. साबणाचं पाणी घातलेली फरशी आणि ग्लिसरीन लावलेलं स्टील, या दोन्हींवर तळवा घसरतो का हे तपासून ही खूण देत असत. कामाच्या बुटांचं जे आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ २०३४७, त्यातली ती खूण. २०२२ च्या आवृत्तीत ती अक्षरंच काढून टाकली. आपल्याकडे आयएस १५२९८ आहे, त्याचा भाग ४ अशा कामाच्या बुटांसाठी.  जो आयएसआयची खूण लावतो त्याच्या खुणेखाली सीएम/एल आणि पुढे परवाना क्रमांक असायलाच हवा, आणि तो भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर अॅपवर घालून बघता येतो. माझ्या स्टिकरवर क्रमांकच नव्हता.

डब्यात एक चिठ्ठी होती, "रिटर्न/रिफंडसाठी कॉल करा". इथे मी थांबायला हवं होतं. ज्याने फसवलं त्याच्याच चिठ्ठीवरचा नंबर मी फिरवला! पण दुसरा नंबर होता कुठे? पार्सलवर पाठवणाऱ्याचं अर्धं नाव, एका शहराचं नाव, बस.

फोनवरचा मुलगा इतका नम्र. "आंटी, सॉरी, गलत लॉट चला गया, पूरा पैसा अभी वापस." क्यूआर पाठवला. मी स्कॅन केला, तर समोर आकडा ३,३८८. माझाच आकडा, शेवटच्या रुपयापर्यंत. तो आकडा बघून मन निवांत झालं. वर कुणा एका माणसाचं नाव होतं, दुकानाचं नव्हतं. मी ते वाचलं. खाली "पेइंग" असं लिहिलेलं होतं. तेही वाचलं. दोन-तीन सेकंद बोट अडलं, हे मला आजही लख्ख आठवतं. तेवढ्यात तो म्हणाला, "आंटी, टाइम आउट हो जाएगा, पिन डालिए, पिनसे अकाउंट व्हेरिफाय होता है." आणि मी टाकला. ते दोन-तीन सेकंद माझ्या डोळ्यांसमोरून जात नाहीत. रात्री मशीन चालवताना मध्येच हात थांबतो.

३,३८८ गेले. तो म्हणे, "उलटा चला गया, अब दोनों साथ आएँगे, फिरसे कीजिए." पुन्हा ३,३८८. मग "फाइल अटक गई, ४,९९९ का रिफंडेबल टोकन, पंद्रह मिनट में सब वापस." तोवर माझे हातपाय गार पडले होते आणि गेलेलं परत मिळवायचं एवढंच डोक्यात होतं. ४,९९९ गेले आणि फोन बंद. बुटांचे धरून १५,१६३ रुपये. नवरात्रात रात्र-रात्र जागून चणिया-चोळ्या शिवल्या, त्या शिलाईतून बाजूला ठेवलेले.

कुणी म्हणेल, शिकलेली बाई अशी कशी? जाऊबाई म्हणाल्याच. त्यांना एवढंच सांगितलं की फसवणारे दिवसभर हेच काम करतात, आणि मी त्या वेळी सोमवारी पोरीच्या पायात काय घालू या काळजीत होते.

१९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, मी सहा वाजून चार मिनिटांनी फोन केला. बावीस मिनिटं संगीत. मग लागला, तक्रार घेतली, क्रमांक आला. तेवढं काम त्यांनी केलं, खोटं बोलणार नाही. (यूटीआर, म्हणजे प्रत्येक व्यवहाराला मिळणारा क्रमांक, हाताशी ठेवूनच फोन करा, मी तो शोधण्यात आणखी पाच मिनिटं घालवली.) पण पुढे? शनिवार महिन्यातला चौथा, बँक बंद. रविवार बंद. सोमवारी साडेदहाला शाखेत गेले तर काउंटरवरचा माणूस मान वर न करता, "बेन, पिन तो तमे ज नाख्यो ने?" हो, मीच टाकला. म्हणून अर्जावर शिक्का मारायचा नाही? रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक होतं. त्यात ग्राहकाची चूक असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं, मान्य. माझे सगळे व्यवहार कळवण्याआधीचेच होते, तेही मान्य. पण तक्रार नोंदवून पोच देणं हे तर त्यांचं काम आहे ना! पोच मिळवायला दोन तास आणि एक भांडण लागलं.

पोलीस ठाण्यात म्हणाले सायबर पोलिसांकडे जा. सायबरकडे म्हणाले रक्कम लहान आहे, आधी तुमच्या हद्दीच्या ठाण्यात जा. लहान? माझ्या चार महिन्यांची बचत! परत ठाण्यात गेले तर ज्यांनी सकाळी पाठवलं ते साहेब बंदोबस्ताला गेलेले. तीन फेऱ्या, तीन वेळा तीच कहाणी, तीन वेळा तेच, "हवेथी ध्यान राखजो." अहो, ध्यान राखायचं ते राखीनच, पण त्या नंबरावर कुणी फोन तरी केला का? तो नंबर त्या दिवशी चालू होता. मी त्यांच्यासमोर लावून दाखवला. रिंग वाजत होती आणि समोरचा माणूस चहा पीत होता.

कॉलेजची तऱ्हा आणखी वेगळी. "तो ग्रुप आमचा अधिकृत नाही." मग आमच्या मुलींच्या पोस्टिंगची तारीख बाहेर कळली कशी? बोधचिन्ह तुमचं, तारीख तुमची, मुली तुमच्या. एक ओळीची सूचना लावा म्हणून लेखी विनंती दिली, तीही "बघतो" म्हणून ठेवून घेतली.

महिन्याने कळलं की माझे पैसे पुढे ज्या खात्यात गेले तिथे २,१४० रुपये गोठवलेले आहेत. आनंद झाला, तर तेव्हा म्हणाले सोडवायला न्यायालयाचा आदेश लागेल. वकील ३,००० मागतो. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला शुल्क नाही, पण तक्रार कुणाच्या नावावर करू? ऑनलाइन विकणाऱ्याने आपलं नाव, पत्ता आणि तक्रार अधिकारी दाखवायला हवा असा २०२० चा नियम आहे. ज्याच्याकडे हे नाही त्याला एक रुपया आगाऊ देऊ नका. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. मी गेले आहे.

आणि बूट? ते रविवारी संध्याकाळी रावपुऱ्यातल्या एका जुन्या दुकानातून घेतले, १,१५० रुपयांना, लेकीला बरोबर नेऊन. तासाभरात काम झालं. मंगळवारीच तिथे गेले असते तर! संध्याकाळीच न्या, दिवसभरात पाय सुजलेले असतात. मोजे घालून न्या. पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. बूट हातात वाकवून बघा, बोटांच्या चवड्यापाशी वाकला पाहिजे, मधोमध दुमडला तर घेऊ नका. कापडी बूट घेऊ नका, रक्त किंवा औषध सांडलं तर शोषून घेतात, ओल्या फडक्याने पुसता येईल असाच घ्या. वर भोकं असलेले, मागे पट्टा असलेले तर मुळीच नकोत, पडलेली सुई बघून पडत नाही. दुकानदाराला विचारून मी तळव्यावर पाणी शिंपडून टाइलवर घासून पाहिलं. त्याने हसून फडकं पुढे केलं, म्हणाला, बेन, असं बघून घेणारे आता कमीच.

दुसरा जोड पुढच्या महिन्यात घेऊ.

गेल्या आठवड्यात माझ्याकडे ब्लाउज शिवायला येणाऱ्या एका बाईंनी फोन दाखवला. त्यांची भाची फिजिओथेरपीला आहे, दुसऱ्या कॉलेजात. बोधचिन्ह वेगळं, खालचा मेसेज शब्द न् शब्द तोच, "याशिवाय वॉर्डमध्ये प्रवेश नाही". फोटो तोच, नंबर तोच. दर तेवढा १,७४९ झाला आहे.