क्रिएटिव्हिटी आणि करिअरचा ऑनलाइन कोर्स: एका शिक्षिकेचा रिव्ह्यू (व्हिडिओ ठीकठाक, फीडबॅक भारी)

आधीच सांगते, मी शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे कुठलाही कोर्स बघताना विषयाच्या आधी माझं लक्ष शिकवणाऱ्याकडे जातं. प्रश्न विचारून किती वेळ थांबतात, उत्तर चुकलं तर तोंड कसं करतात, फळा नीट वापरतात की नुसता भरतात, ही खोड आता काही जायची नाही. त्यामुळे रिव्ह्यूही तसाच झालाय, शेवटच्या बाकावर बसून दुसऱ्या मास्तरांचा तास बघावा तसा. कोर्सचं नाव मुद्दाम देत नाहीये कारण खाली बऱ्याच तक्रारी आहेत, आणि तसंही या जातीचे कोर्स ढिगाने निघालेत, सांगाडा सगळ्यांचा साधारण हाच, त्यामुळे तुम्ही दुसरा कुठला घेणार असाल तरी कामाला येईल.

एकूण आठ भाग आहेत, प्रत्येकात छोटे छोटे व्हिडिओ आणि शेवटी एक असाइनमेंट. प्लॅन दोन, एकात नुसते व्हिडिओ आणि दुसऱ्यात तुमच्या असाइनमेंटवर शिकवणाऱ्या बाईंचा फीडबॅक. बाई म्हणजे वर्षानुवर्षं डिझाइनच्या विद्यार्थ्यांना शिकवलेल्या, आवाजात जराही नाटकीपणा नाही, कॅमेऱ्यासमोर हातवारे नाहीत, मला बघताक्षणीच आवडल्या. निकाल आत्ताच सांगून टाकते, घ्यायचा तर फीडबॅकवाला घ्या, नाहीतर घेऊच नका.

आता का ते सांगते.

पहिल्या भागातला व्यायाम जुनाच आहे, विटेचे उपयोग लिहा. गिल्फर्ड नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 1950 साली अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या अध्यक्षीय भाषणात क्रिएटिव्हिटीकडे संशोधकांनी किती दुर्लक्ष केलंय हे सुनावलं आणि तिथून हा विषय मार्गी लागला, विटेची टेस्ट त्याच्याच पठडीतली. त्यामुळे व्यायाम बघून मी म्हटलं झालं, आता परत तेच. पण बाईंनी काय केलं, वेळ संपल्यावर आणखी तेवढाच वेळ दिला आणि सांगितलं की आता आधीचं काहीही परत लिहायचं नाही. पहिली यादी सगळ्यांची सारखीच होती, भिंत, पायरी, दार अडवायला, कागद उडू नयेत म्हणून, आणि कुणाच्या तरी डोक्यात घालायला (हे हमखास येतंच, माझ्या वर्गातही येतं). दुसऱ्या यादीत मग एकाने लिहिलं कुटून रंग करायचा, एकीने लिहिलं फ्लशच्या टाकीत टाकून पाणी वाचवायचं, आणि मला सुचलं की खालून ओल किती चढते हे मुलांना दाखवायला वीट झकास आहे, पाण्यात उभी करायची आणि खुणा करत जायच्या. गिल्फर्ड आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 1957 मध्येच दाखवलेलं की उशिरा सुचलेली उत्तरं जास्त वेगळी असतात. बाईंनी हे आधी सांगितलं नाही, आधी करून घेतलं आणि मग दोन वाक्यांत सांगितलं. याला म्हणतात शिकवणं.

आणि मला लगेच आपले वर्ग आठवले. पहिला हात वर आला की आपण उत्तर घेतो आणि पुढे पळतो कारण पोर्शन संपवायचा असतो. मेरी बड रो म्हणून विज्ञान शिक्षणातल्या संशोधक होत्या, त्यांनी 1970 च्या दशकात वर्गांची रेकॉर्डिंग्ज ऐकून मांडलं की शिक्षक प्रश्न विचारून सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात, आणि तीन सेकंद थांबले तरी मुलांची उत्तरं लांब होतात, जास्त मुलं बोलायला लागतात. एक सेकंदात तुम्हाला भिंत आणि पायरीच मिळणार, दुसरं काय. हे करिअरलाही लागू आहे असं बाई म्हणतात, म्हणजे काम मिळाल्यावर पहिली सुचलेली आयडिया क्लायंटला किंवा साहेबांना पाठवून द्यायची नाही, कारण तीच आयडिया बाकी सगळ्यांनीही पाठवलेली असते. साधं आहे पण पटतं.

तिसरा भाग बक्षिसांवर आहे आणि इथे मला हसू आवरेना. बाई छान समजावून सांगत होत्या 1973 चा लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांचा प्रयोग, ज्यात चित्रं काढायला मुळातच आवडणारी बालवाडीतली मुलं घेतली, काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर सर्टिफिकेट मिळेल, सोनेरी चांदणी आणि रिबिन लावलेलं, काहींना न सांगता नंतर अचानक दिलं आणि काहींना काहीच दिलं नाही. थोड्या दिवसांनी मोकळ्या वेळात बघितलं तर ज्यांना आधी कबूल केलेलं त्याच मुलांचा चित्रातला रस कमी झालेला, बाकीच्यांचा नाही. हे सगळं ऐकून व्हिडिओ संपला आणि स्क्रीनवर कागदाचे रंगीत तुकडे उडून बॅज आला, अभिनंदन, तुम्ही तिसरा भाग पूर्ण केलात, सलग इतके दिवस आलात, साखळी तुटू देऊ नका! अरे बाबांनो. शिकवणाऱ्या बाईंचं आणि ॲप बनवणाऱ्यांचं आपसात बोलणं तरी होतं का हो? नोटिफिकेशन बंद करता येतं पण बॅज बंद करायची सोय मला सापडली नाही.

ॲपवाल्यांचा दुसरा आगाऊपणा म्हणजे सुरुवातीची क्विझ, तुमचा मेंदू डावा की उजवा. डावा म्हणजे हिशोबी आणि उजवा म्हणजे कलाकार. मेंदूच्या दोन भागांची कामं काही बाबतीत वेगळी असतात हे खरं, रॉजर स्पेरी यांना त्या संशोधनासाठी 1981 चं नोबेल मिळालं, पण म्हणून माणसं डाव्या आणि उजव्या मेंदूची असतात असं होत नाही. 2013 मध्ये युटा विद्यापीठाच्या लोकांनी हजारावर माणसांचे ब्रेन स्कॅन तपासले, त्यांना असं एका बाजूला झुकलेलं कुणी सापडलं नाही. मी विज्ञान शिकवते म्हणून चिडतेय असं नाही. एखाद्या पोराला एकदा सांगितलं की तू डाव्या मेंदूचा, की ते पोर चित्रकलेची वही उघडत नाही, आणि उलटं सांगितलं की गणिताला हात लावत नाही. फुकटची पळवाट. बाईंच्या एकाही व्हिडिओत या क्विझचा उल्लेख नाही यावरून काय ते समजा. सरळ स्किप करा.

आता फीडबॅक.

असाइनमेंट टाकली की बाई व्हॉइस नोट पाठवतात, त्यात "छान", "मस्त", "कीप इट अप" असलं काही नसतं, मार्कही नसतात. मार्क नाहीत म्हणून ग्रुपवर एकदोघांनी कुरकुर केली, पण मला हे बरोबर वाटलं. रूथ बटलर यांनी 1988 मध्ये शाळेतल्या मुलांवर करून बघितलेलं, काहींना नुसते शेरे, काहींना नुसते मार्क, काहींना दोन्ही. नुसते शेरे मिळालेल्यांचं काम सुधारलं आणि दोन्ही मिळालेल्यांना शेऱ्यांचा फायदा झालाच नाही. ज्याने कुणी पेपर वाटलेत त्याला हे वेगळं सांगायला नको, पोरं मार्क बघतात, शेजारच्याचे बघतात आणि पेपर दप्तरात जातो. आपण रात्री जागून लिहिलेले लाल शेरे कोण वाचतो.

बाई कसं बोलतात त्याचा एक नमुना देते (नोट्स सगळ्यांना ऐकायला मिळतात, हा या प्लॅनचा अर्धा फायदा आहे). आमच्यात एक मुलगी लहान मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते, तिने पोर्टफोलिओ टाकला, वीसेक चित्रं, एकसे एक रंग, प्राणी, परी, जंगल, शहर, सगळं. आम्ही सगळ्यांनी हार्ट टाकले. बाईंचा पहिला प्रश्न, "यातली कुठली काढून टाकलीस तर कुणाच्या लक्षातही येणार नाही?" दुसरा प्रश्न, "उरलेल्यांत सगळ्यात कच्चं कुठलं? काम देणारा तुला त्याच्यावरून तोलणार, कारण त्याला भीती असते की आपल्या वाट्याला नेमकं तेच येईल." आणि तिसरा, जो मला सगळ्यात भारी वाटला, "तुझ्याकडे इतकी पात्रं आहेत, पण एकच पात्र दोनदा कुठेय?" पुस्तक म्हणजे तीच मुलगी पहिल्या पानावर, तीच झोपताना, तीच रडताना, तीच पाठमोरी, आणि दरवेळी ती तीच वाटली पाहिजे, प्रकाशकाला हेच बघायचं असतं आणि ते त्या वीस चित्रांत कुठेच नव्हतं. त्या मुलीने मग निम्म्याहून जास्त चित्रं काढून टाकली आणि एकाच पात्राची सहा चित्रं नव्याने केली. काम मिळालं की नाही माहीत नाही, पण दोन्ही पोर्टफोलिओ शेजारी शेजारी बघितले तर दुसरा एका व्यावसायिक माणसाचा वाटतो.

बघा, तिन्ही वेळा बाईंनी कामाबद्दल विचारलं, तिच्या टॅलेंटबद्दल अवाक्षर नाही. आणि तिन्ही प्रश्नांची उत्तरं तिनेच शोधली. मी हे वर्गात वापरायला लागलेय, प्रोजेक्टची वही आली की आधी विचारते यातलं कुठलं पान फाडलं तर चालेल, मुलं आधी बावरतात आणि मग अगदी बरोबर पान दाखवतात.

ब्रेनस्टॉर्मिंगचा भाग पण चांगला आहे. आधी प्रत्येकाने एकट्याने लिहायचं, मग यादी एकत्र करायची, आणि मग चर्चा. येल विद्यापीठात 1958 मध्येच दिसलेलं की चार जण एकत्र बसून जेवढ्या कल्पना काढतात त्यापेक्षा चार जण वेगवेगळे बसून काढतात त्यांची बेरीज बरीच जास्त भरते, तरीही अजून सगळीकडे मीटिंग लावून एकच माणूस बोलत असतो आणि बाकीचे माना डोलावतात. शाळेच्या ग्रुप ॲक्टिव्हिटीतही तेच, एक हुशार पोर करतं आणि चौघं नाव लावतात.

करिअरचे शेवटचे भाग मात्र थोडे पातळ झालेत. जॉन हॉलंड या मानसशास्त्रज्ञाने 1959 मध्ये मांडलेल्या सिद्धांतावरची टेस्ट आहे, माणसांचे आवडीनुसार सहा प्रकार करणारी, करून बघायला हरकत नाही, निदान डाव्या-उजव्या मेंदूपेक्षा हजार पटींनी बरी. पण रिझल्टच्या खाली ॲपने लगेच करिअरची यादी चिकटवलीये आणि ती बघून कुणी निर्णय घेतला तर कठीण आहे. जाहिरातीत मोठ्या अक्षरात "तुमची पॅशन शोधा" लिहिलंय आणि आत बाई जवळपास त्याच्या उलट सांगतात, की आवड ही कामात हात घातल्यावर हळूहळू तयार होते. 2018 मध्ये ओकीफ, ड्वेक आणि वॉल्टन यांनी दाखवलंय की आवड ही आधीपासून आत ठरलेली असते असं मानणारे लोक विषय अवघड झाला की लवकर सोडून देतात. दहावी-बारावीच्या मुलांना आपण सगळे मिळून "तुला नक्की काय आवडतं ते ठरव" म्हणून जो पिळतो ना, त्यांच्यासाठी हा एक व्हिडिओ दाखवण्यासारखा आहे. क्रुम्बोल्ट्झ यांचं 1999 चं म्हणणंही त्यात येतं, की करिअरमध्ये योगायोग खूप असतात पण ते आपल्यापर्यंत पोचावेत म्हणून हातपाय मारणं आपल्या हातात असतं, कुतूहल, चिकाटी, लवचिकपणा वगैरे. इथे एखादी ठोस असाइनमेंट हवी होती, उदाहरणार्थ तुम्हाला आवडणारं काम करणाऱ्या एका माणसाला भेटून त्याच्या दिवसाचा किती वेळ खरंच त्या कामात जातो हे विचारून या. त्याऐवजी पाच वर्षांचा प्लॅन भरायचा फॉर्म दिलाय, जो आधीच्याच व्हिडिओला छेद देतो. मी रिकामा सोडला, काही अडलं नाही.

एआयवर नंतर जोडलेला एक छोटा भाग आहे, घाईत केलेला वाटतो पण एक गोष्ट कामाची मिळाली. 2024 मध्ये आलेल्या एका अभ्यासात एआयकडून कल्पना घेऊन लिहिलेल्या छोट्या गोष्टी वाचकांना एकेकट्या जास्त चांगल्या वाटल्या, पण सगळ्या मिळून बघितल्या तर एकमेकींसारख्या झालेल्या. माझ्या वर्गात एकाच आठवड्यात आलेले निबंध बघून मला हे अभ्यासाशिवायही कळलं असतं. बाईंचा नियम असा, की दुसरी यादी स्वतः काढल्याशिवाय एआय उघडायचं नाही.

बाकी किरकोळ: सबटायटल्स चुकीच्या आहेत, बाई बोलतात एक आणि खाली उमटतं भलतंच. व्हिडिओ दीडपट स्पीडवर आरामात बघता येतात. व्हॉइस नोट यायला कधीकधी बराच वेळ लागतो आणि तोपर्यंत पुढचा भाग सुरू झालेला असतो, त्यामुळे एका वेळी एकच असाइनमेंट टाका, नोट ऐका, तेच काम सुधारून परत टाका. दुसऱ्या वेळच्या कामावरही बाई बोलतात आणि हे कोर्सच्या माहितीत कुठेच लिहिलेलं नाही.

शिक्षक असाल तर पहिला, तिसरा आणि पाचवा भाग. नुकतं काम शोधायला लागला असाल तर पोर्टफोलिओचा भाग आधी करा आणि बाकीच्यांच्या नोट्स झाडून ऐका. पाचपैकी व्हिडिओंना अडीच, ॲपला एक, फीडबॅकला पाच.