कळ हवी की मजकूर? कीडाउन, कीअप आणि इनपुट यांतली निवड

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे जोरात असले की अडत दुकानातल्या दिवाणजींचा उजवा हात आकड्यांच्या पॅडवरून उठत नाही. पोती, एंटर, वजन, एंटर, भाव, एंटर. अशाच एका दुकानासाठी मी शेतकऱ्याच्या पट्टीचं, म्हणजे विक्रीच्या हिशोबाचं, वेबपान लिहिलं, आणि पहिल्याच दिवशी भावाचा रकाना रिकामा ठेवून पट्ट्या सेव्ह व्हायला लागल्या.

चूक माझीच होती. कळ दाबली की ब्राउझर कीडाउन नावाचा इव्हेंट, म्हणजे काहीतरी घडल्याची खबर, देतो; कळ सोडली की कीअप; आणि रकान्यातला मजकूर बदलला की इनपुट. एंटर दाबल्यावर पुढच्या रकान्यात नेण्याचं काम मी कीडाउनवर ठेवलं होतं आणि भावाच्या रकान्यात सेव्ह करण्याचं कीअपवर. दिवाणजी वजनाच्या रकान्यात एंटर दाबत, कीडाउन येई, कर्सर भावात जाई. मग बोट उचललं जाई, आणि कीअप येई तो भावाच्या रकान्यात! दाबताना फोकस एकीकडे, सोडताना दुसरीकडे. तेव्हापासून कुणी विचारलं की कोणता इव्हेंट लावू, तर मी आधी विचारतो: तुम्हाला कळ हवी आहे की मजकूर?

कळ हवी असेल, म्हणजे एंटरने पुढे जाणं, एस्केपने रद्द करणं, बाणांनी ओळी बदलणं, तर कीडाउनच घ्या. एंटरने फॉर्म सबमिट होणं तिथेच प्रिव्हेंटडिफॉल्टने (ब्राउझरची नेहमीची कृती रोखणाऱ्या फंक्शनने) थांबवता येतं; कीअप येईपर्यंत फॉर्म गेलेला असतो. कळ दाबून धरली तर कीडाउन पुन्हा पुन्हा येत राहतो, म्हणून इव्हेंटचा रिपीट गुणधर्म खरा असेल तर सेव्ह करू नका. आणखी एक बारकावा म्हणजे इव्हेंटच्या की आणि कोड या गुणधर्मांतला फरक. की सांगतो कळीचा अर्थ, कोड सांगतो कळीची जागा. मधल्या मोठ्या एंटरचा कोड ‘एंटर’ आणि आकड्यांच्या पॅडवरच्या एंटरचा ‘नमपॅडएंटर’; की मात्र दोन्हींची एकच. दिवाणजींचा एंटर पॅडवरचा, त्यामुळे इथे की तपासायची. एका अक्षराचा शॉर्टकट ठेवायचा असेल तर उलट: देवनागरीची इनस्क्रिप्ट कळमांडणी चालू असताना इंग्रजी के ची कळ दाबली तर की येते ‘क’, कोड मात्र ‘कीके’च राहतो.

मजकूर हवा असेल तर कीडाउन कामाचा नाही. ५० लिहिताना ५ नंतर ० दाबलं, तरी त्या क्षणी रकान्यातली किंमत अजून ५ असते, आणि एकूण रक्कम एक पाऊल मागे राहते. कीअपवर हे सुटल्यासारखं वाटतं, पण ० दाबून धरलं तर शून्यं पाच उमटतात आणि कीअप येतो एकच. माउसने पेस्ट केलं किंवा फोनवर बोलून लिहिलं, तर त्यावर विसंबणं संपलंच. इनपुट इव्हेंट मात्र किंमत बदलल्यावर येतो, ती कशीही बदलू दे. मुख्य अपवाद: स्क्रिप्टनेच किंमत भरली तर तो येत नाही. पोत्यांवरून हमाली आपोआप भरत असाल, तर बेरजेचं फंक्शन तिथून स्वतः बोलवा.

शेतकरी फोनवरून नाव भरणार असेल तर हा फरक आणखी महत्त्वाचा. अँड्रॉइडच्या कीबोर्डवर ‘पाटील’ लिहिताना कीडाउनमध्ये बहुतेक वेळा कीकोड २२९ हा एकच ठरलेला आकडा हाती येतो. कोणतं अक्षर ते कळतच नाही. कीबोर्ड अक्षरं जुळवून शब्द घडवत असताना इव्हेंटचा इजकंपोजिंग गुणधर्म खरा असतो. त्या काळात एंटरला हात लावू नका, आणि इनपुटमध्ये किंमत बदलून परतही लिहू नका; लिहिली तर अर्धा शब्द मोडतो, कर्सर उडतो. मजकुराची साफसफाई जुळणी संपल्याचा कंपोझिशनएंड इव्हेंट आल्यावर करा.

काही जण सगळं सोडून बिफोरइनपुट हा इव्हेंट घ्या म्हणतात. तो खरोखर चांगला आहे: बदल होण्याआधी येतो, टाइप केलं की पेस्ट केलं हे सांगतो, आणि फायरफॉक्समध्येही तो २०२१ पासून आहे. पण जुळणीत असलेला मजकूर त्याला अडवता येत नाही, म्हणून फोनवर त्याच्या भरवशावर बंधनं घालू नका. कीप्रेस हा जुना इव्हेंट तर मोडीत काढलेला आहे. नव्या पानात नकोच.

वजनाच्या रकान्यात ‘फक्त आकडे’ म्हणून कळा अडवण्याचा मोह होतो. तो मी सोडला, कारण आपल्याकडे लोक देवनागरीत १२ असंही लिहितात आणि जावास्क्रिप्टच्या नंबर फंक्शनला ते आकडे कळत नाहीत. नंबर प्रकारचा रकानाही अशा वेळी रिकामी किंमत देतो. साधा टेक्स्ट रकाना, इनपुटमोड डेसिमल (म्हणजे फोनवर आकड्यांचा कीबोर्ड उघडतो), आणि देवनागरी आकड्याच्या युनिकोड क्रमांकातून २३५८ वजा केले की मिळतो त्याच इंग्रजी आकड्याचा क्रमांक. माणसाने लिहिलेलं अडवण्यापेक्षा समजून घेणं मला केव्हाही पटतं.

आता त्या पट्टीच्या पानावर एंटरसाठी कीडाउन आहे, बेरजेसाठी इनपुट आहे आणि कीअप कुठेच नाही. तुमचं पान तयार झालं की वजन माउसने पेस्ट करून बघा, नाव फोनवर बोलून भरा, आणि शेवटी एंटर दोन सेकंद दाबून धरा.