‘पुढचं सगळं खलास आहे’ म्हणून ३१ हजारांचं बिल

जालन्याकडची २०१२ ची स्विफ्ट. तक्रारी दोन: समृद्धीवर चढून ९०च्या पुढे गेलं की स्टेअरिंग थरथरतं, आणि गावातल्या खड्ड्यांवर डावीकडून बारीक खडखड येते. गॅरेजवाल्याने गाडी जॅकवर घेतली, चाक लोंबकळत असताना लोअर आर्मच्या (चाकाला सांगाड्याशी धरणारा खालचा दांडा) बुशाशी, म्हणजे त्याच्या रबरी सांध्याशी, टॉमी (लोखंडी पहार) लावून रेटली. रबर हललं. ‘बघा, केवढा प्ले आहे,’ म्हणजे सांधा किती ढिला आहे. दोन्ही लोअर आर्म, दोन्ही शॉकअप आणि अख्खी स्टेअरिंग रॅक (स्टेअरिंग फिरवलं की चाकं वळवणारा भाग) मिळून ३१ हजार झाले. थरथर तशीच राहिली, आणि महिन्याभरात खडखडही परत आली.

बुश रबराचा असतो, टॉमीने रेटला की थोडा हलणारच. रबर फाटलंय का, आतल्या नळीपासून सुटलंय का, हे बघायचं असतं. तसंच शॉकअपचं. त्यावर ओलसर पुसट डाग असला म्हणजे तो गेला असं नाही. तेल ओघळून खाली येत असेल तर गेला.

खरी गोम अशी की दोन तक्रारींची दोन वेगळी कारणं होती आणि दोन्ही एकाच बिलात बांधली गेली. थरथर रिमच्या आतल्या बाजूला वाळून बसलेल्या काळ्या मातीची होती. पावसात शेतरस्त्याने गाडी घातली की आपली चिकट माती आत लपते, आणि चाकाचं बॅलन्सिंग (सगळीकडे सारखं वजन असणं) बिघडायला तेवढी पुरते. रिम आतून धुऊन बॅलन्सिंग करणं हे अशा तक्रारीचं पहिलं काम. टायरला फुगा किंवा रिमला वाक आहे का, तेही तेव्हाच दिसतं. खडखड डाव्या लिंक रॉडची होती, म्हणजे वळणावर गाडी कलू न देणाऱ्या दांड्याला सस्पेन्शनशी जोडणाऱ्या छोट्या रॉडची. हा स्वस्त भाग, पण एकच चाक उचललं की त्याच्यावर ताण येतो आणि प्ले लपतो. म्हणून दोन्ही चाकं जमिनीवर असताना रॉड हाताने धरून हलवायचा.

आवाज कधी येतो, हे गाडी दाखवण्याआधी कागदावर लिहून न्या. फक्त ब्रेक दाबल्यावर स्टेअरिंग थरथरत असेल तर बहुधा डिस्क. स्टेअरिंग पूर्ण वळवून गाडी चालवताना कट-कट येत असेल तर अ‍ॅक्सलचा बाहेरचा जॉइंट. त्याचा रबरी बूट फाटून ग्रीस उडालेलं दिसतं. वेगाबरोबर वाढणारी घरघर डावीकडे वळताना चढत असेल तर बहुधा उजव्या चाकाचा बेअरिंग.

चाक जॅकवर उचलून त्याची वरची आणि खालची बाजू धरून हलवा. प्ले जाणवला तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगा. प्ले नाहीसा झाला तर बेअरिंग, राहिला तर बॉल जॉइंट (लोअर आर्म आणि चाकामधला गोल सांधा). डावी-उजवी बाजू धरून हलवल्यावर प्ले आला आणि ब्रेक दाबूनही गेला नाही, तर टाय रॉड एंड किंवा रॅक एंड (रॅकपासून चाकापर्यंतच्या दांडीचे बाहेरचा आणि आतला सांधा). रॅक एंड वेगळा मिळतो, त्यासाठी पूर्ण रॅक बदलायची गरज नसते. इथेच सगळ्यात जास्त लुबाडणूक होते.

महिन्यात खडखड परत का आली? जुना लिंक रॉड बदललाच नव्हता. कडक नव्या शॉकअपमुळे ती काही दिवस दबली असावी, इतकंच. शिवाय नव्या लोअर आर्मचे बुशबोल्ट चाक लोंबकळत असताना पक्के आवळले होते. तसं केलं की गाडी खाली उतरताच बुश पिळला जातो आणि लवकर फाटतो. गाडीचं वजन चाकांवर आल्यावरच शेवटचं आवळणं, आणि टाय रॉड किंवा रॅक उघडली असेल तर नंतर अलाइनमेंट, हे समोर उभं राहून करून घ्या.

गाडी सोडण्याआधी जुन्या भागांवर व्हाइटनरने खूण करा आणि ते परत मागा. काळा रंग मारून जुनाच आर्म बसवणारे कमी नाहीत. बिलावर पार्ट नंबर आणि मजुरी वेगवेगळी हवी. त्या कागदाशिवाय जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार लंगडी पडते. मुदत दोन वर्षांची आहे, आणि आधी १९१५ या हेल्पलाइनवर फोन करता येतो.