‘ग्रँट मंजूर झाली की मानधन’ म्हणणाऱ्यांपासून सावध राहा

सामाजिक संस्थांसाठी ग्रँटचे, म्हणजे अनुदान मागणारे प्रस्ताव, वार्षिक अहवाल, देणगीची आवाहनं लिहून पोट भरणाऱ्यांसाठी आणि अशा लेखकांकडून काम करून घेणाऱ्या छोट्या संस्थांसाठी हे लिहिते आहे. एका सल्लागार कंपनीने मला आणि काही संस्थांना एकाच मजकुराच्या जोरावर फसवलं. तक्रार दाखल आहे, म्हणून नाव देत नाही. तशीही ही मंडळी नाव बदलत राहतात. पद्धत तीच असते, तेव्हा पद्धतच सांगते.

कंपनीचं म्हणणं असं होतं: संस्था आम्ही आणतो, डोनर आम्ही शोधतो, तुम्ही फक्त लिहा. ग्रँट मंजूर झाली की रकमेच्या ठरावीक टक्के तुमचे. करारात माझ्यासाठी मुदत होती, गोपनीयतेची कडक अट होती. मंजुरी झाली की नाही हे मला कोण कळवणार, याबद्दल मात्र एक ओळ नव्हती. विचारलं तर उत्तर ठरलेलं, ‘डोनरची माहिती बाहेर देता येत नाही, मॅडम.’

पहिला प्रस्ताव मुलींच्या शिक्षणाचं काम करणाऱ्या संस्थेचा होता. तिथल्या कार्यकर्तीने एका आईशी माझं बोलणं करून दिलं. मुलीच्या वहीवर बोट ठेवून ही बाई स्वतःचं नाव वाचायला शिकली होती. एक अक्षर नेहमी उलटं काढायची, आणि मुलगी ते पुसून पुन्हा काढायला लावायची. लिहिलेलं सगळं मी तिला वाचून दाखवलं, तिची परवानगी घेतली, नाव बदललं आणि प्रस्तावाची सुरुवात तिथूनच केली. प्रस्ताव गेला. त्यानंतर आणखी काही लिहून दिले. प्रत्येक वेळी एकच निरोप यायचा, ‘परीक्षण चालू आहे.’

पुढे दिव्यांग मुलांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेच्या संचालकांनी याच कंपनीकडून करून घेतलेला, नाकारला गेलेला प्रस्ताव माझ्याकडे दुरुस्तीला पाठवला. उघडला तर पहिल्याच परिच्छेदात तीच आई, तीच वही, तेच उलटं अक्षर. बाईचं नाव तेवढं तिसरंच. त्या संस्थेत अशी कोणी बाईच नव्हती. अंदाजपत्रकात तर पहिल्या प्रस्तावातलं वसतिगृहाचं भाडंही तसंच राहिलं होतं, आणि या संस्थेला वसतिगृहच नाही! संचालकांनी सुरुवातीलाच हे काय म्हणून विचारलं होतं. ‘डोनरला गोष्ट लागतेच, सर,’ असं सांगून त्यांना गप्प केलं गेलं होतं.

माझे पैसे बुडाले त्याचा राग आहेच. पण त्या बाईने विश्वासाने सांगितलेलं तिचं आयुष्य कुणाकुणाच्या नावावर विकलं गेलं, याचा संताप अजून जात नाही.

संस्थांकडून या कंपनीने पैसे उकळले ते वेगळेच. आधी नोंदणी शुल्क, मग मूल्यांकन शुल्क. ज्यांनी दोन्ही भरलं, त्यांतल्या एका संस्थेला आंतरराष्ट्रीय देणगीदाराच्या लेटरहेडवर मंजुरीपत्रही आलं आणि पाठोपाठ रक्कम वळती करण्याचा ‘ट्रान्सफर चार्ज’ मागितला गेला. पत्रात प्रकल्पाचं नाव होतं, पण उद्दिष्टं, हप्ते, अहवालाच्या तारखा यांतलं काहीच नव्हतं. खऱ्या मंजुरीपत्रात अशा अटी सहसा असतातच. ईमेलचा पत्ता देणगीदाराच्या नावासारखा, फक्त मध्ये एक जादा आडवी रेघ. डोमेन, म्हणजे ईमेलच्या पत्त्यातला @ नंतरचा भाग, कधी नोंदवलं ते ‘हू-इज’ या नोंदणी शोधायच्या सेवेवर कुणालाही फुकट पाहता येतं. हे डोमेन मंजुरीपत्राच्या जेमतेम काही आठवडे आधीचं निघालं.

संयुक्त राष्ट्रांच्या नावाने अशी पत्रं इतकी फिरतात की त्यांनी आपल्या संकेतस्थळावर कायमचा इशारा दिला आहे: भरती किंवा खरेदी प्रक्रियेच्या कोणत्याही टप्प्यावर आम्ही शुल्क घेत नाही, आणि ईमेलवरून निधी किंवा बक्षिसं वाटत नाही. अमेरिकी सरकारच्या अनुदानांसाठी ‘ग्रँट्स डॉट गव्ह’वर अर्ज करायलाही पैसे पडत नाहीत. अनुदान देण्याआधी जो पैसे मागतो, तो देणगीदार नव्हे.

आता टक्केवारीबद्दल. ‘असोसिएशन ऑफ फंडरेझिंग प्रोफेशनल्स’ ही 1960 साली अमेरिकेत स्थापन झालेली निधी-संकलकांची संघटना. जमलेल्या देणगीच्या टक्केवारीवर मोबदला घ्यायला तिच्या आचारसंहितेत सदस्यांना मनाई आहे. ग्रँट लिहिणाऱ्यांच्या व्यावसायिक संघटनेचाही नियम असाच आहे. कारण साधं आहे. देणगीदार पैसे देतो ते कामासाठी. बहुतेक देणगीदार मंजुरीपूर्वीचा लिखाणाचा खर्च अनुदानातून काढू देत नाहीत, मग ते टक्के कुठल्यातरी दुसऱ्या खर्चात लपवावे लागतात. म्हणजे संस्थेचा हिशेब पहिल्या दिवसापासून खोटा. शिवाय मंजुरी अडते ती देणगीदाराच्या प्राधान्यक्रमावर, संस्थेच्या ताळेबंदावर. लेखकाने त्याची जोखीम का घ्यायची? कामाचा ठरलेला मोबदला घ्या, त्यातला काही भाग आगाऊ, उरलेला मसुदा हाती देताना.

करारात एक वाक्य मी आता न चुकता घालते: ‘पूर्ण मोबदला मिळेपर्यंत मजकुराचे सर्व हक्क लेखकाकडे राहतील, आणि हा मजकूर केवळ याच संस्थेच्या याच प्रस्तावासाठी वापरला जाईल.’ 1886 च्या बर्न करारात सामील असलेल्या देशांत कॉपीराइटसाठी नोंदणीची सक्ती नसते, मजकूर लिहिला की हक्क आपोआप येतो. पगारी नोकरीत केलेल्या लिखाणाचे नियम बऱ्याच ठिकाणी वेगळे आहेत, पण स्वतंत्रपणे काम करणाऱ्यांनी हे लेखी ठेवाच. मसुद्याचे ईमेल, फाइलच्या तारखा, लाभार्थीची संमती हे सगळं जपून ठेवा. माझी तक्रार त्यावरच उभी आहे.

संस्थांना एक विनंती. सल्लागार कितीही नामांकित असला तरी प्रस्ताव पाठवण्याआधी शेवटची प्रत स्वतः शब्दन् शब्द वाचा, अंदाजपत्रकासकट. देणगीदाराच्या कार्यालयाचा क्रमांक त्यांच्या अधिकृत संकेतस्थळावरून शोधून स्वतः फोन लावा. सल्लागाराने दिलेल्या क्रमांकावर नको.

ही कंपनी सध्या नव्या नावाने लेखक शोधते आहे. जाहिरातीत ‘मानधन यशावर आधारित’, ‘नमुना म्हणून एक पूर्ण प्रस्ताव पाठवा’ आणि ‘डोनर आमच्याकडे तयार आहेत’ ही तीन वाक्यं जशीच्या तशी आहेत. दिसली तर नमुना पाठवू नका.