जलरंगाचा खिशातला सेट, बोटीवर एक अख्खा सीझन वापरून

बारा हाफ पॅनचा (म्हणजे सुक्या रंगाच्या छोट्या वड्यांचा) हा पत्र्याचा डबा मी फक्त बोटीसाठी घेतला, घरी टेबलावर ट्यूब आहेत आणि त्यांच्याशी माझं बरं चाललंय. मी हौशी आहे, रंगातही आणि शिडातही, त्यामुळे प्रोफेशनल लोकांनी हा रिव्ह्यू सोडून दिला तरी चालेल.

आधी चांगलं सांगतो. डबा तळहातावर बसतो, खालच्या कडीत अंगठा अडकवला की दुसरा हात ब्रशला मोकळा आणि झाकण उघडलं की तेच पॅलेट. बोट वाऱ्याने एका अंगावर कलली की मांडीवरचं सगळं घसरतं, त्यामुळे ही कडी म्हणजे अर्धे पैसे वसूल. तरी चालत्या बोटीत रंगवायचं म्हणजे वाऱ्याच्या जोराच्या मापात, ब्युफोर्टमध्ये, 3 पर्यंतच, 7 ते 10 नॉट वारा, त्याच्या वर गेला की दोन्ही हात दोराला हवेत. मग मी जिब, म्हणजे पुढचं शीड, उलट्या बाजूने भरून, बोट वाऱ्याकडे वळेल असं सुकाणू बांधून बोट जवळपास थांबवतो, हीव्ह-टू म्हणतात ते, अचानक सगळं शांत होतं आणि वीस मिनिटं मिळतात. पहिल्या दहात नुसतं बघायचं हे मला फार उशिरा कळलं.

रंगांबद्दल. अल्ट्रामरीन (निळं) मस्त दाणेदार आहे, रंगद्रव्य कागदाच्या खळग्यांत बसतं आणि आपोआप पाण्याचा पोत येतो, त्यात बर्न्ट सिएना (तपकिरी) मिसळली की पावसाआधीच्या समुद्राचा करडा रंग तयार, काळ्याची गरजच नाही. लाल मात्र अलिझरीन क्रिमसन आहे, रंगद्रव्याचा कोड पीआर 83, हा उन्हात फिका पडतो, आणि बोटीवरची वही उन्हातच असते, मी तो काढून क्विनॅक्रिडोन रोज नावाचा गुलाबी बसवला. पांढरा पॅन तर कशाला दिलाय देव जाणे, शीड पांढरं ठेवायचं तर कागदच कोरा सोडायचा ना. तिथे मी दुसरं अल्ट्रामरीन घातलं.

आता तक्रारी. या रंगात मध आहे, त्यामुळे ओला ब्रश लावला की लगेच सुटतात, घरी छान वाटतं पण समुद्रावरच्या दमट हवेत वाळायचं नाव नाही. चौथ्या दिवशी डबा उघडला तर पॅन झाकणाला चिकटून वर आलेले आणि पिवळ्यात हिरवा मिसळलेला. आता झाल्यावर डबा तासभर उघडा ठेवतो, सावलीत, तरी थोडं चिकटतंच.

सोबत आलेला वॉटर ब्रश (दांड्यातच पाणी भरायचा) सरळ घरी ठेवा. उन्हात तापला की आतली हवा फुगते आणि पाणी ढकलते, माझ्या चांगल्या जमलेल्या आकाशात एक टपोरा थेंब पडला आणि ढगाचं फ्लॉवर झालं. त्यापेक्षा साधा ब्रश आणि झाकणाची बाटली. पाणी पिण्याचंच घ्या, मी एकदा आळस करून समुद्रात डबडं बुडवलं, एका लिटरमध्ये 35 ग्रॅमच्या आसपास मीठ असतं, वॉशमध्ये, म्हणजे रंगाच्या पातळ थरात, चांदण्या उमटल्या (त्या दिसल्या सुंदर, खोटं कशाला बोलू) पण ते पान अजूनही पावसाळी दिवशी ओलसर लागतं. कागद जाड, 300 जीएसएमचा, सगळ्या कडा चिकटवलेला ब्लॉक असावा, सुटी पानं मी समुद्राला बरीच दान केलीत.

आणि जे डब्यावर मोठ्या अक्षरात छापायला हवं होतं ते. पॅन जागेवर राहावेत म्हणून खाली चुंबकाची पट्टी आहे. त्यामुळेच पॅन पटापट बदलता येतात हे खरं, पण मी डबा कॉकपिटमध्ये, म्हणजे सुकाणूजवळच्या बसायच्या जागेत, होकायंत्राच्या शेजारीच ठेवलेला. मित्र सुकाणूवर, नेमका कोर्स धरून, मी मख्खासारखा टेकड्या रंगवतोय, आणि दीपगृह जिथे दिसायला हवं तिथे दिसेना. तो म्हणाला प्रवाह असेल, मी म्हटलं नकाशा बघ, दोघांची बारीकशी बाचाबाची पण झाली. मग मी बर्न्ट सिएनासाठी डबा उचलला आणि तबकडी डोळ्यांदेखत वीसेक अंश फिरली. तो काहीच बोलला नाही, नुसतं माझ्याकडे बघितलं.

पाचपैकी साडेतीन. डबा परत घेईन, रंग दुसऱ्या कुणाचे. तोवर हाच चालू आहे, फक्त आता तो आत, झोपायच्या बंकच्या पायथ्याशी, होकायंत्रापासून लांब असतो, आणि बाहेर काढायचा तर मित्राला आधी विचारायचं ठरलंय.